गोष्टीतला खोकला

बाईसाहेबांना रडायला आवडायचं. दुपारी मी त्यांच्या छोटीला गोष्ट सांगायला बसले की त्याही चहाचा कप घेऊन सोफ्याच्या टोकाला येऊन बसायच्या. गोष्ट ठरलेली. राणीच्या महालाबाहेर, आतल्या चुलीने ऊबदार झालेल्या भिंतीला पाठ लावून बसलेली गरीब पोर, आणि पहाटे तिचं गारठून मरणं. मी ती आवाजांसकट सांगायची. वारा मीच, कुत्रा मीच, पोरीचा खोकलाही मीच. शेवट येईपर्यंत बाईसाहेबांचा रुमाल ओला झालेला असायचा. एवढं मऊ काळीज, आणि नोकरांची पोरं घरात आणायची नाहीत हा नियमही त्यांचाच.

त्या दिवशी माझी पोर त्या घरात होती. अंग तव्यासारखं तापलेलं, सांभाळणारी शेजारीण गावाला गेलेली, आणि आणखी एक खाडा झाला तर येऊच नका अशी बाईसाहेबांची तंबी. काय करणार? इस्त्रीच्या खोलीत चादरींच्या कपाटामागे तिला निजवलं आणि बजावलं, "खोकला आला तर टॉवेल तोंडात धर. आवाज झाला तर आईचं काम जाईल." तिने शहाण्यासारखी मान डोलावली.

गोष्ट सुरू झाली आणि भिंतीपलीकडून खोकला आला.

मी लगेच त्यावर मोठ्याने खोकले. "अशी खोकायची बघ ती बिचारी." छोटी खूश. पुन्हा आला, पुन्हा मी खोकले. घसा सोलून निघाला, तरी तोंडाचा पट्टा चालूच ठेवला. वाऱ्याला जोर आणला, एका कुत्र्याचे चार केले.

"आज फारच रंगवताय, मावशी," बाईसाहेब म्हणाल्या.

मग पलीकडचा आवाज बंद झाला. आधी हायसं वाटलं. मग मनात आलं, एवढा खोकला एकदम थांबतो कसा? टॉवेल घशात तर गेला नसेल? मी कानोसा घेतला. काहीच नाही.

"मेली का ती?" छोटीने विचारलं.

"थांबू नका हो," बाईसाहेब रुमाल काढत म्हणाल्या, "आता तर खरी गोष्ट."

"पहाट झाली," मी म्हणाले. "राणीने खिडकी उघडली." पुढचं वाक्य तोंडातून निघेना. ते बोलले तर खरं होईल अशी धास्तीच बसली. चुलीत गेलं काम, म्हटलं, आणि उठून धावले.

कपाटामागे पोर निपचित पडली होती. टॉवेल तोंडात कोंबलेला, ओठ निळे. मी तो ओढून काढला, पाठीवर थापट्या मारल्या. काहीच नाही. पुन्हा मारल्या. मग ती खोकली आणि माझ्या जिवात जीव आला.

मागे दारात दोघी मायलेकी उभ्या होत्या. बाईसाहेबांचे गाल अजून ओले होते.

"आई, तीच ना गं ही?" छोटी म्हणाली. "हिला आत घेऊ या ना."

"ती गोष्ट होती, बाळा. जवळ जाऊ नकोस, तुलाही ताप येईल." मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "मावशी, मागच्या दाराने न्या तिला. आणि उद्यापासून दुसरीकडे काम बघा."

मी पोरीला खांद्यावर घेतलं. तिने माझ्या मानेत तोंड खुपसलं आणि हळूच म्हणाली, "आई, नंतर मी अजिबात आवाज केला नाही."