अजनीच्या पुलापर्यंत

टेलिफोन ऑफिसात काम करणाऱ्या प्रेमिलाला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. थंडी बाधली की हाडं ठणकायची आणि चार-चार दिवस अंथरूण सुटायचं नाही. याच आजारानं तिचा भाऊ एकोणिसाव्या वर्षी गेला होता. तरी चौऱ्याऐंशी साली शहराला वळसा घालणाऱ्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत तिनं नाव दिलं आणि रोज पहाटे ती कामठी रोडवर पळायला लागली. तिचे वडील, धोंडबा, पाण्याची बाटली घेऊन सायकलवर मागं असत.

"काहून पळून राहिली वं?" त्यांनी एकदा विचारलं.

"घरी बसून बी दुखतेच, बाबा. मंग पळूनच दुखू दे."

शर्यतीच्या दिवशी ती सावकाश, पण न थांबता पळाली. अजनीच्या पुलाजवळ डाव्या खुब्यात कळ उठली आणि ती रस्त्याच्या कडेला बसली. उठायला गेली, तर पाय भारच घेईना. धोंडबांनी सायकल तिथंच टाकून तिला रिक्षात घातलं.

धंतोलीतल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. रक्त पोचत नसल्यामुळे खुब्याचं हाड आतून मरत चाललं होतं, आणि तेही आजचं नव्हे, कधीपासूनचं.

"काठी घेऊन चालता आलं तरी पुष्कळ समजा," ते म्हणाले.

बाहेर बाकावर बसल्यावर प्रेमिलानं विचारलं, "किती किलोमीटर झालते, बाबा?"

धोंडबांच्या अंदाजानं चौदाही पुरे झाले नव्हते. "अठरा," ते म्हणाले.

"म्हंजे तीनच राहिले होते," ती म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा रडली.