दारात न मावणारं चित्र

कला महाविद्यालयातून चित्रकलेच्या बाई दुसऱ्या प्रयत्नात पास झाल्या आणि लगेच एका शाळेत लागल्या. पहिल्याच आठवड्यात गणिताच्या सरांनी त्यांचा तास मागितला.

"चित्रं काय, पोरं घरीही काढतील."

"मग पाढेही घरीच म्हणू देत," बाई म्हणाल्या. तास त्यांनी सोडला नाही. तेव्हापासून दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

वर्षं सरली. चाळीस-चाळीस मुलांना सावली कशी पडते ते शिकवता शिकवता बाईंचे स्वतःचे ब्रश मात्र वाळून काड्या झाले. एकदा आठवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमची चित्रं कुठे बघायला मिळतील?" तो प्रश्न त्यांच्या इतका जिव्हारी लागला, की त्याच दिवशी त्यांनी मुख्याध्यापिकांकडून खेळाच्या सामानाची खोली मागून घेतली.

शाळा सुटली की फाटक्या जाळ्या आणि हवा गेलेल्या चेंडूंमध्ये त्या उभ्या राहायच्या. रंगवत होत्या शाळेतलीच माणसं. शिपाईमामांचा चेहरा तर तीनदा खरवडून काढला. दोन वर्षांनी सात फुटी चित्र पुरं झालं, मोठ्या वार्षिक प्रदर्शनात निवडलंही गेलं. आणि न्यायच्या दिवशी कळलं, ते दारातून निघतच नाही! गुंडाळावं, तर जाड रंग तडकणार.

"बाजूनं थोडं कापलं तर?" शिपाईमामांनी चाचरत विचारलं. बाई चित्राच्या आडव्या उभ्या राहिल्या.

तेवढ्यात गणिताचे सर टेप घेऊन आले. मापं घेतली, मनाशी पुटपुटले. "तिरकं केलं तरी चार इंच कमी पडतात. दाराची चौकटच काढू." आणि बाह्या सरसावून स्वतः स्क्रू काढायला बसले.

"सर, तुम्ही?"

"माझं टक्कल हुबेहूब उतरलंय. ते जगाला दिसायला नको?"

प्रदर्शनात त्या चित्राला पहिला पुरस्कार मिळाला. लोक चित्रासमोरून हलेनात. शिपाईमामा नवा शर्ट घालून शेजारी उभे होते, येईल त्याला सांगत होते, "हा मीच."

पुढल्याच महिन्यात कला महाविद्यालयानं बाईंना शिकवायला बोलावलं.

"येईन," त्या प्राचार्यांना म्हणाल्या, "पण आठवड्यातले तीनच दिवस. बाकीचे माझे."

प्राचार्य हसले आणि कबूल झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी भाड्याच्या, भरपूर उजेडाच्या खोलीत नवा कॅनव्हास ताणला, पदर खोचला आणि मोठ्यानं गुणगुणत पहिला रंग लावला.