शेंदराखालचा घोडेस्वार

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. बोलायची मला सवय नाही. हे नीट जमेल की नाही, याचीही शंकाच आहे. तरी सांगून पाहतो.

माझा जन्म घणाच्या घावांनी झाला. डोंगरातून मला फोडून काढले. पाथरवटाने छिन्नीने माझ्या अंगावर एक घोडेस्वार कोरला. हातात भाला, घोड्याच्या टापांखाली दोन शत्रू, तळाशी त्याच्या नावाची अक्षरे. गावची गुरे लुटारूंपासून सोडवताना तो मारला गेला होता. पुढे गाव त्याला विसरले आणि मलाच देव म्हणू लागले. शेंदराची पुटांवर पुटे चढली. माझ्यासमोर बोकडांच्या माना उडाल्या, गरम रक्त पायाशी साचले. मला ते आवडत होते असे नाही, पण दगडाला कोण विचारतो?

मग दुर्ग शहराकडे, मरोद्याजवळ असलेल्या आमच्या गावावर पोलादाचा कारखाना आला. सुरुंगांनी जमीन हादरू लागली. बुलडोझरने चिंचेची झाडे मुळासकट उपटली, मातीची घरे रेटून पाडली. लोक दूर नव्या जागी गेले. तलावाच्या पाळीवर मी एकटा उरलो. माझी पूजा करणारी म्हातारी गयाबाई येत्या रविवारी मला न्यायला बैलगाडी आणणार होती.

त्याच रविवारी पुरातत्त्व मंडळाचे लोक आले. मंडळ कसले, कारखान्यातली आणि रेल्वेतली हौशी माणसे ती! सुट्टीला सायकलींवरून हिंडायचे आणि यंत्राखाली जाण्याआधी जुन्या वस्तू वाचवायच्या. त्यांचा पुढारी शामराव दुर्ग स्टेशनात पार्सल बाबू होता. मला पाहताच त्याने सुरी काढली आणि शेंदूर खरवडायला लागला.

"कावून शामराव, देवाची हजामत करून राहिले का?" त्याचा सोबती चंपत हसला.

"अक्षरं दिसून राहिली, चंपत! गप बस."

"कोणाले इचारलं तरी का?"

"गाव तर उठून गेलं. इचारू कोणाले?"

तेवढ्यात बैलगाडी आली. माझे सोललेले अंग पाहून गयाबाई किंचाळली, "हमर देवता ला काबर छीलत हस?" आमच्या देवाला का सोलतोस, असे ती तिच्या बोलीत विचारत होती.

गाडीतल्या तरुणांनी लाठ्या उचलल्या. पहिली शामरावाच्या डोक्यात बसली. दुसरीने चंपतचे पुढचे दात पाडले. शामराव माझ्यावर कोसळला आणि खरवडलेल्या जागी त्याचे रक्त ओघळले.

खाली ठेकेदाराचा मुकादम ओरडला, "लड़ना है तो उधर जाओ! मशीन नहीं रुकेगी!"

बुलडोझर पाळ चढू लागला. तरुण पांगले. चंपतने शामरावाला ओढले, पण त्याने मला घातलेली मिठी सोडली नाही. "मी सरकलो तर ह्याचा चुरा होते रे!"

गयाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. मग यंत्राकडे पाठ करून तीही त्याच्या शेजारी बसली.

पाते माझ्या कडेवर आदळले. माझ्या घोड्याचे मागचे पाय तुटून ढिगाऱ्यात गेले. शामरावाचा हात मध्ये चेंगरला. त्याची किंकाळी ऐकून चालक घाबरला आणि त्याने यंत्र थांबवले.

ज्यांनी लाठ्या चालवल्या, त्यांनीच पहारी लावून मला गाडीत चढवले. चंपतने रक्त थुंकून विचारले, "आता मंडळात नेऊन ठेवू ना? एवढा मार कायले खाल्ला?"

"नाही. हा त्यायचा हाय. आपल्याले कागदावरचा ठसा पुरे." शामरावाने धड हात कपाळाला लावला. "बाई, गलती हो गई. पूछना चाहिए था."

नव्या जागी मला उभे केल्यावर लोक शेंदराची वाटी घेऊन धावले, तेव्हा गयाबाईने वाटी स्वतःकडे घेतली. "पहिली बाबू के काम होवन दव."

डोक्याला पट्टी बांधलेल्या शामरावाने एका हाताने ओला कागद माझ्यावर पसरला आणि हळूहळू दाबला. कागद वाळेपर्यंत ती वाटी धरून उन्हात बसली होती. कागदावर अक्षरे उमटली. मग तिने मला पुन्हा लाल केले.

मित्रांनो, रानात किंवा रस्त्याकडेला जुना दगड दिसला, तर त्याला जरूर जपा. पण तो कोणाचा आहे, हे आधी विचारा. गाव उठून गेले असेल, तर त्याच्या मागे दोन कोस चालत जा, पण विचारा.