फोटोतलं मोकळं मैदान

बैठकीत पडद्यावर आमच्या मैदानाचा फोटो आला. मी कीर्ती, इंदूरला लागून असलेल्या एका लहान गावाची सरपंच. आसपासच्या नगरपरिषदा आणि पंचायतींनी मिळून एकच कचरा केंद्र उभारायचं ठरलं होतं, आणि ते मलाही पटलं होतं. त्यासाठी आमचंच मैदान निवडतील, हे मात्र स्वप्नातही नव्हतं.

"देखिए, जमीन एकदम खाली, मोकळी आहे," योजनेचे इंजिनियर अच्युतजी म्हणाले. फोटोत खरंच चिटपाखरू नव्हतं. नुसती झाडलेली माती आणि कोपऱ्यात रांगोळी.

ती रांगोळी आली कुठून ते सांगते. पाहणीला हेच साहेब येणार म्हटल्यावर गावाला वाटलं, स्वच्छतेचे नंबर द्यायला येतायत. इंदूर पहिलं येतं, मग आपण का मागे राहायचं? माझ्या सासूबाईंनी, गयाबाईंनी, पदर खोचला. वाळत घातलेल्या गोवऱ्या उचलल्या, बकऱ्या हलवल्या, चौदा एप्रिलच्या जयंतीच्या जेवणाच्या चुलीसुद्धा बुजवल्या. साहेबांनी मोबाइल वर धरला आणि इंदुरी थाटात म्हणाले, "भिया, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय." आणि आमचं शहाणं गाव हसत हसत लिंबामागे जाऊन उभं राहिलं! आठवलं की अजून डोकं फिरतं.

मी बैठकीत उठले. "तिथे आमची लग्नं लागतात. चौदा एप्रिलला अख्खं गाव तिथे जेवतं. दुसरी जागाच नाही आम्हाला."

अच्युतजींनी पडद्याकडे बोट केलं. "कीर्तीजी, वापर दिसतोय का कुठे? चला, चार दिवसांनी पुन्हा येतो. पण मग तेच फायनल."

मधले दिवस मला चैन नव्हती. ताटावरून उठायची, मैदानात चक्कर मारायची, परत यायची. काय बघायला जात होते कोण जाणे. सासूबाईंना बजावलं, "आई, गोवऱ्या परत टाका, बकऱ्या आणा. पसारा दिसू द्या." त्या "हो हो" म्हणाल्या, पण हातातला झाडू काही खाली ठेवला नाही.

साहेबांना आणायला मी फाट्यावर गेले. येताना जीपमधून सारखी मान बाहेर काढत होते. मैदान दिसलं. पुन्हा झाडून लख्ख! सडा, रांगोळी, सगळं. मग दिसल्या पंगती. म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पोराबाळांपर्यंत सगळं गाव पानावर बसलं होतं. चुली पेटल्या होत्या आणि सासूबाई वाढत होत्या.

मी धावत त्यांच्याजवळ गेले. "आई, मी काय सांगितलं होतं?"

"घाण दाखवून जागा मागायची? मला नाही जमत बाई."

मागून अच्युतजींनी मोबाइल वर धरला. "अरे भिया, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय."

कोणी हललं नाही. सासूबाईंनी वरणाची बादली खाली ठेवली.

"फोटोत यायलाच बसलोय, साहेब. काढा."