टिपचा डबा

विक्रोळीच्या त्या परमिट रूममध्ये राजाराम कांबळेला वेटर म्हणून सव्वीस वर्षं झाली होती. तो नवीन होता तेव्हा कारखान्यातली माणसं पाळी सुटली की यायची. बिल द्यायचं, उरलेले सुट्टे पैसे बडीशेपेच्या बशीत तसेच सोडायचे आणि उठायचं, अशी रीत. ती टिप कुणा एकाची नसायची. सगळी गल्ल्याखालच्या पत्र्याच्या डब्यात जायची, आणि शनिवारी दुपारी स्वयंपाक्यापासून भांडी घासणाऱ्या शकुताईपर्यंत सगळ्यांना वाटली जायची.

मग कारखाने आटपले, टॉवर उभे राहिले, ऑफिसातली पोरं येऊ लागली. ती मोबाइलवर बिल भरायची, पैशापर्यंत बरोबर. सुट्टे परतच येत नाहीत, तर बशीत राहणार काय? त्यात मालक श्यामसुंदरशेठनी बिलातच सर्व्हिस चार्ज लावला. तो जायचा शेठच्या खात्यात, पण गिऱ्हाइकाला वाटायचं, वेटरचं भागलं. डबा रिकामा पडू लागला.

सुयोग नावाच्या वेटरने पहिली शक्कल काढली. स्वतःचा क्यूआर कोड छापून त्याने शर्टाला लावला. टिप थेट त्याच्या खात्यात. राजारामने आधी नाक मुरडलं. पण मुलीची, संघमित्राची, नर्सिंगची फी तोंडावर आली, तेव्हा त्याने तिच्याकडूनच तसलं कार्ड करून घेतलं. शर्टाला मात्र लावलं नाही. खिशात ठेवायचा, आणि गिऱ्हाईक खूश दिसलं की हळूच पुढे करायचा.

आत मोरीशी बसणाऱ्या शकुताईला कोण कार्ड विचारणार?

श्रावणात एके दुपारी फुटक्या ग्लासने तिचा तळहात कापला. तिने फडकं बांधलं आणि पुन्हा साबणाच्या पाण्यात हात घातला. तिला साखरेचा त्रास होता. चार दिवसांत हात सुजला.

शनिवारी ती गल्ल्यापाशी आली. "राजाराम, डब्यात काय आहे का रे? डॉक्टरला दाखवते म्हणते."

राजारामने डबा काढला, झाकण उघडून तिच्यापुढे धरला. तळाशी चारदोन नाणी होती.

"वाट लागलीय गं, शकुताई. कोण देतच नाही आता."

तिने डब्यात बघितलं, मग त्याच्याकडे. "बरं," म्हणाली आणि आत गेली.

आदल्याच रात्री एका वाढदिवसाच्या टेबलाने त्याला पाचशे पाठवले होते. तो मनात म्हणाला, फी भरली की देऊ. सोमवारी बघू.

सोमवारी शकुताई कामावर आली नाही. ती तापाने फणफणली होती, मुलाने तिला दवाखान्यात नेलं होतं. विष बोटांत चढलं होतं. उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली.

पंधरा दिवसांनी राजाराम तिच्या घरी गेला. ती पलंगावर बसली होती, हात उशीवर ठेवून. त्याने पैशांचं पाकीट तिच्याजवळ ठेवलं.

"शकुताई, त्या दिवशी माझ्याकडे पैसे होते. फोनवर आले होते."

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "सुयोगने कधीच सांगितलं होतं, तुझंपण कार्ड आहे म्हणून."

"मग मागितले का नाहीस? शिव्या घालायच्यास मला."

"कशाला? डब्यातलं मागायला मला कधी लाज वाटली नाही. ते माझंपण होतं. तुझ्या फोनमधलं तुझं. ते मागणं म्हणजे भीक."

तिने पाकीट परत केलं नाही. डाव्या हाताने उचलून सुनेला दिलं. "याला चहा टाक," म्हणाली. राजारामने तो चहा प्यायला. कसा प्यायला, त्याचं त्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी त्याने सुयोगला गाठलं. "आपण परत सगळं एकत्र करू. आतल्यांनापण मिळायला हवं."

"काका, माझ्या फोनवर आलं ते माझं," सुयोग म्हणाला. "तुम्ही घेत होतात तेव्हा कुठे वाटलंत?"

राजाराम पाण्याचे ग्लास उचलून पुढच्या टेबलाकडे गेला. संघमित्राच्या फीचा दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात होता.

शकुताईच्या जागी राधा नावाची बाई आली. राजारामने स्वतःच्या पैशाने तिला रबरी हातमोजे आणून दिले. ती हरखली, दोनदा "थँक्यू भाऊ" म्हणाली. टिपचं मात्र तो तिच्याशी काही बोलला नाही.