राहिलेला बारावा भाग

कावळा काही पिंडाला शिवेना.

तिरुवैयारूच्या घाटावर दहाव्या दिवशी सकाळी सगळे ताटकळत बसले होते. पायरीवर केळीच्या पानात पिंड, वर फांदीवर तीन कावळे, पण खाली उतरायचं एकाच्याही मनात नव्हतं. गेलेल्याची इच्छा राहिली असली की असं होतं, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून जो तो पुढे होऊन काहीबाही कबूल करत होता.

"सुप्रभा, तुझ्या अम्माला आम्ही सांभाळू गं," थोरले काका बाळकृष्णराव हात जोडून म्हणाले. कावळे ढिम्म.

"तिची स्कूटर तिच्या चुलतभावाला, हरिप्रसादाला देतों म्हणा," कुणीतरी सुचवलं. तेही म्हणून झालं.

विधी सांगणाऱ्या वाध्यारांनी घड्याळ पाहिलं. त्यांना अकराला दुसरीकडे पोचायचं होतं. "वरुणराव, तुम्ही बाप. तुम्हालाच ठाऊक असेल. सांगा की, काय राहिलं पोरीचं?"

वरुणरावांना ठाऊक होतं. पण चारचौघांत सांगायचं कसं? लोक हसले असते.

वरुणरावांचा जन्म ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत गेला. आलेला कागद वर पाठवायचा आणि वरून आलेला खाली, एकतीस वर्षं. त्यांचं मत काय, हे तिथे कुणी विचारलं नाही आणि खरं सांगायचं तर घरातही नाही. विचारलं ते सव्वीस वर्षांच्या सुप्रभानं, तेही जपानी कार्टूनविषयी! मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून तिला आठवड्यातून तीनदा डायलिसिस. नोकरी सुटली, मैत्रिणी पांगल्या. दर तीन महिन्यांनी नव्या ॲनिमे मालिका सुरू होत, आठवड्याला एकेक भाग येई, आणि बापलेक शेजारी बसून पाहत.

"कसा वाटला, अप्पा?"

"बरा की."

"बरा म्हंजे? फाईलीवर शेरा मारता काय? का बरा, ते सांगा!"

मग वरुणराव सांगायला शिकले. अहो, भांडायलाही शिकले! कचेरीतून येताना बसमध्ये मनाशी मुद्दे जुळवत यायचे.

या हंगामात दोघांचा जीव एकाच मालिकेत अडकला होता. एका बेटावर दीपगृह सांभाळणारी मुलगी आणि होडी घेऊन गेलेला तिचा भाऊ. तो परत येणारच, असं सुप्रभा पैजेवर सांगायची. बारावा, शेवटचा भाग आला त्या शनिवारी ती आयसीयूत होती. वरुणरावांनी तो इस्पितळाच्या आवारात बाकावर बसून एकट्यानं पाहिला. भाऊ आलाच नाही.

ते आत गेले तसा मास्क बाजूला करून तिनं विचारलं, "पाहिलात? आला का तो?"

"नाही पाहिला. घरी गेल्यावर मिळून पाहू, कण्णा."

तिनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. सोमवारी ती गेली. जिनं बापाला मनातलं बोलायला शिकवलं, तिच्याशीच बाप ऐन वेळी खोटं बोलला. दहा दिवस त्यांना अन्न गोड लागलं नव्हतं.

"वरुणा, बोल बाबा," बाळकृष्णराव म्हणाले.

वरुणराव उठले आणि पिंडासमोर मांडी घालून बसले.

"सुप्रभा, मी पाहिला होता गं. खोटं बोललों. तो येत नाही. शेवटपर्यंत येत नाही." मागे कुजबुज झाली. त्यांनी आवाज चढवला. "ती दिवा मालवते, दाराला कुलूप लावते आणि कोळ्यांच्या होडीतून निघून जाते. मागे वळूनही पाहत नाही."

पंख फडफडले. "शिवला! शिवला!" कुणीतरी ओरडलं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, वाध्यार सामान आवरू लागले. वरुणरावांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"मला नाही पटलं. बारा आठवडे त्या पोरीला वाट पाहायला लावली, आणि तिच्या पदरात काय टाकलं? एक निरोप तरी द्यायचा होता! चित्रं सुरेख, गाणं सुरेख, पण शेवट चुकला. साफ चुकला. हे माझं मत."

एवढं बोलून ते थांबले. त्यांचं संपलं की ती सुरू व्हायची, आणि मग पंधरा मिनिटं कुणाला ऐकायची नाही.

बाळकृष्णरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चल, वरुणा. आटपलं सगळं."

"अमळ थांबा, अण्णा," वरुणराव म्हणाले. "तिचं व्हायचंय अजून."