नातेवाईक की माल

सिएनीने अंगठा बटणापर्यंत नेला आणि तसाच मागे घेतला. फोन धाकट्या भावाचा, फालानिकोचा; खातंही त्याचंच. त्यातले नऊशे डॉलर मात्र तिचे, लोगन शहरातल्या कोंबडी-कारखान्यात उभं राहून पाय सुजवून कमावलेले.

पडद्यावर दोन पर्याय होते. ‘नातेवाईकाला’: फी नाही, हमीही नाही. ‘मालापोटी’: बत्तीस डॉलर फी, पण माल आला नाही किंवा खराब निघाला, तर पैसे परत.

शनिवारी बापाला माती द्यायची होती. सामोअन माणूस मानाच्या चटईशिवाय गेला, तर लोक दारात रडतात आणि मोटारीत बसून हसतात. विकाऊ चटई होती ऑकलंडच्या मातालेना नावाच्या बाईकडे. तिच्या आईने अकरा महिने विणलेली. मातालेनाचा निरोप आला होता, ‘ताई, नातेवाईक म्हणूनच पाठव. सगळे तसंच पाठवतात.’

“सगळे म्हणजे बुडालेले सगळे,” सिएनी म्हणाली. नाताळात चर्चच्या बायकांनी कापडाचे पैसे असेच कुणा ‘नातेवाईका’ला धाडले होते. कापड गेलं, नातंही गेलं. “मी फी भरते.”

“बत्तीस डॉलर?” फालानिको तारोचे कंद सोलत होता. “त्यापेक्षा बाबांना माझ्या लुंगीत गुंडाळू.”

“तोंड आवर.”

तो तिच्या खांद्यावरून वाकला, नियम वाचू लागला.

“थांब ताई. सहा महिने तक्रार करता येते? मग भरच फी.”

“का?”

“चटई विधीत कुणा बड्या प्रमुखाला द्यायचीच आहे. नंतर लिहायचं, फाटकी आली. मातालेना काय त्याच्या दारात मागायला जाणार? पैसे परत, मानही शाबूत. बुटांचं मी तसंच केलं.”

तो हसत होता. थट्टा करताना फालानिको डोळ्यांत बघतो. आता तो तारोकडे बघत होता.

सिएनीने नियमाची ओळ पुन्हा वाचली. तक्रार खातेदारच करू शकतो; परतीचे पैसेही त्याच्याच खात्यात.

तिने ‘नातेवाईकाला’ दाबलं. पडद्याने विचारलं, ‘हे पैसे परत मिळणार नाहीत. नक्की?’ तिने पुन्हा दाबलं. नक्की.

“वेड लागलंय तुला? चटई आलीच नाही तर शनिवारी काय मांडशील?”

“बघू.”

“एवढा विश्वास त्या बाईवर?”

“तिच्यावर? मुळीच नाही,” सिएनी म्हणाली आणि फोन त्याच्या हातात दिला.